सहा महिन्यांचा परदेश

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. सोलापुरात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आम्ही पाच-सहा जण एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलो होतो. तिची लेक, म्हणजे माझी भाची, त्या दिवशी फ्रँकफुर्टला उतरून तिथून रेल्वेनं लाइपझिगला पोचली होती. ती पुण्याच्या एका कॉलेजात शिकते. त्या कॉलेजाचा लाइपझिगमधल्या विद्यापीठाशी करार आहे आणि त्या करारानुसार एक सत्र, म्हणजे जेमतेम सहा महिने, ती तिकडं शिकणार होती. पडद्यावर छोटीशी खोली दिसत होती. पलंग, टेबल, रिकामं कपाट आणि मधोमध उघडी बॅग. पोरगी बॅगेशेजारी मांडी घालून बसली होती आणि कडक भाकरी मोडून शेंगांच्या चटणीबरोबर खात होती.

"बाहेर काही मिळालं नाही का गं?" मी विचारलं.

"मामू, सगळं बंद आहे इथं. सुटी आहे आज."

१९९० मध्ये ३ ऑक्टोबरला दोन जर्मनींचं एकीकरण झालं. तो तिथला राष्ट्रीय सुटीचा दिवस. शनिवारी दुकानं उघडणार होती आणि रविवारी पुन्हा कडेकोट बंद. (मोठ्या स्टेशनातली दुकानं सुटीच्या दिवशीही उघडी असतात, हे तिला आठवड्यानंतर कळलं. परगावी माणसाला सगळ्यात उपयोगाची गोष्ट नेहमी उशिरा कळते.) निघताना आईनं वीस भाकऱ्या बॅगेत कोंबल्या म्हणून ही भांडली होती. त्याच भाकऱ्यांनी तिचे पहिले तीन दिवस काढले.

फोन ठेवल्यावर बहीण म्हणाली, "भाई, इत्ता दूर, छे महिने के वास्ते? काय शिकून येणार सहा महिन्यांत?"

आमच्या घराण्यात परदेश म्हणजे आखातातली नोकरी, नाहीतर हजची यात्रा. आखातात माणूस वर्षानुवर्षं राहतो, हजहून दीड महिन्यात परततो. दोन्हींचा हिशेब घरातल्या म्हाताऱ्यांनाही कळतो. शिकायला म्हणून जायचं, वर्गात नाव इथंच ठेवायचं, आणि अर्ध्या वर्षात परत यायचं, हा तिसरा प्रकार कुणाला उमगेना. मी स्वतः बी. ए. आहे, तेही मराठी घेऊन. कविता लिहितो. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. पण बहिणीच्या प्रश्नानं मला छळलं आणि मी हाताला लागेल ते वाचत सुटलो. त्या वाचनातलं थोडं आज आपल्यापुढं ठेवतो.

आपल्या मराठी मनात परदेशी शिक्षणाची जी चित्रं आहेत ती निराळी आहेत. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या त्या डॉक्टर होऊनच परतायचं ठरवून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेही पदव्या मिळवण्यासाठी. तिथलं नाव, तिथलं रजिस्टर, तिथली पदवी. मधल्या एका वर्षापुरतं किंवा सत्रापुरतं जायचं आणि तिथलं शिक्षण इथल्या पदवीत धरायचं, ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतरची.

त्या युद्धात युरोपची एक पिढी खंदकांत गाडली गेली. वाचलेल्यांपैकी काही जणांना वाटू लागलं, की वीस वर्षांची मुलं बंदुका घेऊन परक्या देशात शिरतात, त्याऐवजी वह्या घेऊन शिरली तर? १९१९ मध्ये न्यूयॉर्कला एक संस्था निघाली, 'इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन' नावाची. स्टीफन डगन हे तिचे पहिले संचालक. त्यांच्यापुढं लगेच एक अडचण उभी राहिली. अमेरिकेनं १९२१ मध्ये कायदा करून प्रत्येक देशातून किती माणसं यायची याची संख्या ठरवून टाकली. कोटा भरला की दार बंद. विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुलंसुद्धा त्यामुळं एलिस बेटावर अडकू लागली. त्या बेटावरून किनारा दिसतो, पण पाऊल टाकता येत नाही. डगन यांनी सरकारमागं लकडा लावला, की विद्यार्थी म्हणजे कायमचा वस्तीला येणारा माणूस नव्हे, तो शिकून परत जाणारा आहे. त्यातून विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा वेगळा वर्ग निघाला. आज आपली मुलं मुंबईच्या वकिलातींबाहेर पहाटेपासून रांगा लावतात. त्यांच्या पासपोर्टावरच्या शिक्क्याचं मूळ बरंचसं तिथं आहे.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात त्याच सुमाराला रेमंड कर्कब्राइड नावाचे फ्रेंचचे तरुण प्राध्यापक होते. महायुद्धात गेलेले. त्यांनी प्रस्ताव मांडला, की चार वर्षांच्या पदवीतलं तिसरं वर्ष मुलांना फ्रान्समध्ये काढू द्या आणि तिथला अभ्यास इथल्या पदवीत धरा. कुलगुरू वॉल्टर हलिहेन यांना कल्पना पटली, पण विद्यापीठानं पैसा द्यायला नकार दिला. मग देणग्या गोळा झाल्या. उद्योगपती पिएर द्यू पाँ यांनी हात दिला. पुढं अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर तेव्हा व्यापारमंत्री होते, त्यांनी पाठिंबा दिला. व्यापारमंत्र्यांना परदेशी भाषा येणारे तरुण हवेच होते. सद्भावना आणि बाजारपेठ अशा एकाच बोटीतून जातात, त्यात नवल नाही.

७ जुलै १९२३ ला न्यूयॉर्कच्या बंदरातून 'रोशांबो' नावाच्या बोटीवर कर्कब्राइड आठ विद्यार्थी घेऊन निघाले. आठच. आधी नान्सी या गावात भाषेचे धडे, मग पॅरिसला सोर्बोनमध्ये अभ्यास. राहायचं फ्रेंच कुटुंबात. पॅरिसच्या वसतिगृहात आठ अमेरिकन मुलं एकत्र ठेवली असती तर ती आपसात इंग्रजीत बोलत बसली असती. घरात राहिलं की मीठ मागायलासुद्धा फ्रेंच लागतं. कर्कब्राइड १९२९ मध्येच वारले, पण त्यांची ही पद्धत इतर कॉलेजांनी उचलली होती. मुलींसाठीच्या स्मिथ कॉलेजनं १९२५ मध्येच आपली तुकडी पॅरिसला धाडली.

हे सगळं वाचताना मी जरा भारावलो होतो, हे कबूल करतो. मग १९३१ हे साल आलं. त्या वर्षी डेलावेअरनं जर्मनीतही शाखा काढली, म्युनिकला. दोनच वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि वह्या घेऊन गेलेल्या मुलांच्या डोळ्यांदेखत ते शहर बदलत गेलं. १९३९ मध्ये पुन्हा युद्ध. फ्रान्समधले वर्ग बंद पडले. जिथं या मुलांनी शिकायचं तिथं पुन्हा मुलांनी लढायचं, असा वीस वर्षांचा फेरा पुरा झाला. युद्धानंतर डेलावेअर विद्यापीठानं या उपक्रमातून अंगच काढून घेतलं. १९४८ मध्ये स्वीट ब्रायर या दुसऱ्या कॉलेजनं तो चालवायला घेतला.

१९४९ च्या उन्हाळ्यात स्मिथच्या तुकडीबरोबर व्हॅसार कॉलेजची एक वीस वर्षांची मुलगी फ्रान्सला गेली. तिचं नाव जॅकलिन बूव्हिए. पुढं केनेडींची पत्नी म्हणून जगाला माहीत झाली ती हीच. आधी ग्रेनोबलला भाषेचा सराव, मग पॅरिसला एका सरदार घराण्यातल्या विधवा बाईंच्या घरी मुक्काम. सरदार घराणं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं झुंबरं येतात. प्रत्यक्षात सगळ्या घराला मिळून एक न्हाणीघर, गरम पाण्याची चणचण आणि खोल्या बर्फासारख्या गार. श्रीमंताघरची ही पोर अंगावर लोकरीचे थर चढवून, हातमोजे घालून अंथरुणातच अभ्यास करायची. आणि ज्यांच्या टेबलावर ती जेवायची त्या बाई युद्धात नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीत होत्या. राफेन्सब्र्युकच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या. नवरा छावणीतच गेलेला. असं घर एखाद्या मुलीला जे शिकवतं त्याला कुठल्या अभ्यासक्रमात बसवणार आणि किती गुण देणार?

पण परदेशी पोचण्याची जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली ती दुसरीच आहे. अँजेला डेव्हिस. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीतलं मोठं नाव, १९७० च्या दशकात आपल्याकडच्या दलित पँथरच्या काळात महाराष्ट्रातही पोचलेलं. ती जन्मली १९४४ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात. तिथं काळ्यांच्या वस्तीवर इतके बॉम्ब पडत, की एका टेकडीचं नावच 'डायनामाइट हिल' पडलं होतं. हिचं घर त्याच टेकडीवर.

फ्रान्सला जाण्याच्या कितीतरी आधीची एक गंमत तिनं आत्मचरित्रात सांगितली आहे. गंमत म्हणायची, कारण त्या दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. बर्मिंगहॅममध्ये चपला-बुटांच्या दुकानात काळ्या गिऱ्हाइकांना पुढच्या भागात बसू देत नसत. त्यांची सोय मागं, आडबाजूला. अँजेला तेव्हा न्यूयॉर्कच्या शाळेत फ्रेंच शिकत होती. सुटीत घरी आल्यावर ती आणि धाकटी बहीण फानिया अशाच एका दुकानात शिरल्या. आपण मार्टिनिक बेटावरच्या, आपल्याला इंग्रजी फारसं येत नाही, असा आव आणून दोघी फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. झालं! गोऱ्या नोकरांची धांदल उडाली. अदबीनं पुढच्या भागात, गोऱ्यांच्या खुर्च्यांवर बसवलं. मालक आला, चौकशा झाल्या, बूट काढून दाखवले गेले. कातडीचा रंग तोच. पण बाई परदेशी आहे म्हटल्यावर तो चालून गेला. शेवटी दोघींनी अस्सल बर्मिंगहॅमी इंग्रजीत खरं काय ते सांगून टाकलं आणि हसत बाहेर पडल्या.

मला हे वाचताना हसू आलं नाही, याचं कारण सांगतो. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलन आटोपलं, की चहाच्या टेबलापाशी कुणीतरी सज्जन माणूस हमखास जवळ येतो आणि प्रेमानं म्हणतो, "तुमचं मराठी फार छान आहे हो! मूळचे कुठले?" मी म्हणतो, सोलापूरचा. "नाही, म्हणजे मूळचे?" आता सोलापूरच्या मागं मी कुठं जाऊ? आजोबा चादरीच्या मागावर होते, पणजोबाही सोलापुरातच मातीआड झाले. त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं. म्हणूनच उत्तर देताना जीभ अडखळते.

तर अँजेला. ब्रँडाइस विद्यापीठातलं तिचं तिसरं वर्ष ती हॅमिल्टन कॉलेजच्या तुकडीतून फ्रान्सला काढणार होती. १९६३ चा सप्टेंबर. पॅरिसला जाण्याआधी भाषेची तयारी म्हणून मुलांना बिआरित्झला ठेवलं होतं. समुद्रकाठचं नखरेल गाव, राजेरजवाड्यांच्या हवापालटाचं. वय एकोणीस. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याचे ते पहिले दिवस, जेव्हा रस्त्याची पाटी वाचता आली तरी आनंद होतो. अशात एके दिवशी तिनं वर्तमानपत्र घेतलं. बातमी बर्मिंगहॅमची होती. १५ सप्टेंबरच्या रविवारी सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला होता आणि चार मुली ठार झाल्या होत्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. नावं वाचताना तिच्या लक्षात आलं, की या आपल्या ओळखीच्या पोरी आहेत. त्यांतल्या दोघी तर अगदी घरोब्यातल्या.

बरोबर तुकडीतलीच काही मुलं होती. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी सांत्वन केलं. पण त्यांच्या लेखी ती कुठल्या तरी माथेफिरूंनी केलेली दुर्दैवी घटना होती, विमान कोसळावं तशी. अँजेलाला त्यात लहानपणापासून ऐकलेले सगळे स्फोट ऐकू येत होते. सहानुभूती होती, पण तिला ते समजावून सांगता येईना. ती त्यांच्यातून उठून एकटीच दूर निघून गेली.

फ्रान्स तिला स्वर्ग वाटला होता असंही नाही. आदल्या वर्षीच ती पॅरिस पाहून आली होती. तेव्हा अल्जीरिया नुकताच स्वतंत्र होत होता आणि पॅरिसच्या भिंतींवर अल्जीरियनांच्या विरोधात घोषणा रंगवलेल्या होत्या. दुकानात मार्टिनिकची बाई म्हणून मान मिळाला होता. इथं कुणी तिला अल्जीरियन समजलं असतं तर? कर्कब्राइड यांना वाटलं होतं, की परदेशी राहून मुलाला परदेश कळेल. अँजेलाला बिआरित्झच्या किनाऱ्यावर बर्मिंगहॅम कळलं.

आता पैशाची आणि कागदाची गोष्ट. ती टाळली तर हा इतिहास अर्धाच राहील.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचं प्रचंड सामान देशोदेशी पडून होतं. ट्रक, यंत्रं, तंबू, काय नाही! ते परत नेणं परवडेना आणि विकत घेणाऱ्या देशांकडं डॉलर नव्हते. फुलब्राइट नावाच्या सिनेटरनं तोड काढली. ज्या त्या देशानं आपल्याच चलनात पैसे द्यावेत आणि त्यातून विद्यार्थ्यांची ये-जा व्हावी. १ ऑगस्ट १९४६ ला त्या कायद्यावर सही झाली. भारताशी तसा करार झाला १९५० मध्ये. युद्धाच्या भंगारातून शिष्यवृत्ती निघाली, हे मला एखाद्या कवीला सुचायला हवं होतं असं वाटतं, सुचलं राजकारण्याला.

ही शिष्यवृत्ती घेऊन १९५७ मध्ये सोफिया कोराडी नावाची रोमची कायद्याची विद्यार्थिनी न्यूयॉर्कला गेली. कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे बाबासाहेब जिथं शिकले तिथंच. वर्षभरात तुलनात्मक कायद्याची 'मास्टर्स' पदवी घेऊन ती १९५८ मध्ये परतली आणि रोमच्या विद्यापीठात गेली. तिकडच्या परीक्षा इकडं धरल्या जाव्यात एवढीच तिची विनंती. खिडकीपलीकडच्या माणसानं ती धुडकावली. नुसती धुडकावली नाही, तर ही मुलगी अभ्यास सोडून अमेरिकेत मजा मारून आली आणि आता सवलत मागते आहे, असं चारचौघांसमोर सुनावलं. कोलंबियाचा कागद तिच्या हातात तसाच राहिला. राहिलेल्या परीक्षा तिला रोममध्ये द्याव्याच लागल्या.

अपमान आपण सगळेच गिळतो. या बाईनं तो फाइलीत घातला. पुढं ती शिक्षणशास्त्राची अभ्यासक झाली, इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार झाली, आणि १९६९ मध्ये तिनं एक टिपण लिहिलं. विद्यार्थ्यानं परदेशी विद्यापीठात दिलेल्या परीक्षा मायदेशी मान्य व्हाव्यात, मात्र जाण्याआधी अभ्यासाचा आराखडा इथल्या प्राध्यापकांनी मंजूर केलेला असावा. बस, एवढंच. हे टिपण घेऊन ती मंत्र्यांपासून परिषदांपर्यंत फिरत राहिली. १९७६ मध्ये युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी त्या दिशेनं एक ठराव केला आणि जून १९८७ मध्ये 'इरॅस्मस' योजना मंजूर झाली. खिडकीवरच्या त्या प्रसंगाला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज हा आकडा एकूण १ कोटीच्या पुष्कळ पुढं आहे. युरोपीय आयोगानं २०१४ मध्ये असाही अंदाज केला होता, की या योजनेत जुळलेल्या जोडप्यांना तोवर सुमारे दहा लाख मुलं झाली असावीत. आमच्या बहिणीला हा आकडा मी मुद्दाम सांगितलेला नाही.

इरॅस्मस हे त्या योजनेच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं नाव. पण जुळवताना नजर होती ती रॉटरडॅमच्या इरॅस्मस या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पंडितावर. हा गृहस्थ पॅरिस, लुव्हाँ, केंब्रिज, बाझल असा जन्मभर फिरत राहिला. १४९५ मध्ये पॅरिसला शिकायला गेला तेव्हा तिथल्या वसतिगृहातल्या सडक्या अंड्यांचा त्याला इतका संताप आला, की तो पुढं त्यानं छापून काढला. वसतिगृहाच्या जेवणाबद्दलची तक्रार पाचशे वर्षं जुनी आहे, हे आपल्या मेसमधल्या मुलांना कळायला हवं.

कागदाचा हिशेब मात्र नाव ठेवून सुटत नव्हता. एका देशातला पेपर दुसऱ्या देशात किती वजनाचा? म्हणून १९८९ पासून श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, सामाईक मोजणी सुरू झाली. वर्षाला ६०, सत्राला ३०. एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. निघण्याआधी विद्यार्थी, इथलं विद्यापीठ आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा करारनामा. कोराडींच्या टिपणातली अट ती हीच. हे मला भाचीच्या फाइलीतला कागद पाहिला तेव्हा उमगलं. योगायोग असा, की भाची लाइपझिगला पोचली त्याच ऑक्टोबर २०२५ मध्ये सोफिया कोराडी वारल्या, वयाच्या ९१ व्या वर्षी.

जाणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. परतणाऱ्याचं काय होतं, ते पाहायला हवं. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन करून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले. परदेशातल्या वर्षांत अस्पृश्यतेचा विसर पडलेला. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचं कुठं? नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथून घालवलं. संध्याकाळपर्यंत शहरात दुसरा आसरा मिळाला नाही. रोमच्या खिडकीवर कोराडींच्या कागदाला किंमत मिळाली नाही. बडोद्यात माणसालाच मिळाली नाही. दोन्ही दुःखं एका तागडीत घालण्याचा माझा इरादा नाही. मला फक्त एवढं दिसलं, की न्यूयॉर्कनं ज्यांना सहज आत घेतलं त्यांना आपापल्या गावात दारावर थांबावं लागलं.

भाचीकडं वळतो. लाइपझिगमध्ये पोचल्यावर दोन आठवड्यांत नगर कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तिथल्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. पोरगी घाबरली. इथं घर भाड्यानं शोधताना पुण्यात तो प्रश्न तिला फॉर्मशिवायच विचारला गेलेला आहे. तिनं कचेरीतल्या बाईंना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, हे कशासाठी? बाई म्हणाल्या, चर्चचा कर वसूल करायला. तुम्ही चर्चच्या सभासद आहात का? नाही. मग झालं. शिक्का मारून कागद हातात. "मामू, इतकंच होतं," ती फोनवर दोनदा म्हणाली.

९ ऑक्टोबरला तिथं लोक मेणबत्त्या घेऊन चौकात जमतात. १९८९ मध्ये त्या तारखेला सत्तर हजार माणसं निःशस्त्र रस्त्यावर उतरली होती आणि महिनाभरातच बर्लिनची भिंत पडली. तीही गेली. तिथं वेगवेगळ्या देशांची मुलं होती. एकमेकांना देश, गाव, मातृभाषा विचारणं चाललं होतं. हिनं सांगितलं, घरी दखनी, आणि लिहिते-वाचते मराठी. इझमीरच्या मुलीनं, पोलंडच्या मुलानं मान डोलावली, पुढं चालू. त्या घोळक्यात पुण्याचाच एक मुलगा होता. तो एकटाच चकित झाला. म्हणाला, "अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!"

हे सांगताना ती खूप हसली. मग मला म्हणाली, "मामू, तुम्ही काय उत्तर देता अशा वेळी?" तीस वर्षांत मला सुचलेलं नाही, म्हणून मी विषय बदलला. तिनं काय उत्तर दिलं तेही सांगितलं. "तुझंही छान आहे," असं म्हणाली. तो मुलगा आता तिच्या स्वयंपाकघरात पोहे करायला येतो.

तिथल्या परीक्षा फेब्रुवारी २०२६ मध्ये. पाच पेपर, ३० क्रेडिट. त्यांतला एक पेपर स्थलांतरितांच्या मौखिक इतिहासावर आहे आणि तोच तिला सगळ्यात आवडला. नेमका तोच इथं धरता येईल की नाही, याविषयी तिच्या कॉलेजात चर्चा चालू आहे. इथल्या अभ्यासक्रमात त्या नावाचा विषय नाही, म्हणे. करारनाम्यावर सह्या आहेत, तरीही. नाही धरला तर एक पेपर पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागेल. मी तिला कोराडींची हकिगत लिहून पाठवली. तिचं उत्तर आलं, की एकोणतीस वर्षं थांबायची तिची तयारी नाही; प्राचार्यांना अर्ज केला आहे.

मार्चमध्ये, ईदच्या आधी ती घरी येणार. बहिणीनं परवाच विचारलं, येताना काय आणतेस? तिकडं राईच्या पिठाचा काळा, दडस पाव मिळतो, आठवडाभर टिकतो. तो दोन नग आणणार आहे. शेंगांच्या चटणीबरोबर चांगला लागतो, म्हणते.